जुन्या फियाटचे ड्रम ब्रेक: डिस्क बसवण्याआधी काय तपासावे

आपल्याकडे वडिलांच्या काळापासूनची १९७१ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. चार माणसे आणि सामान घेऊन पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेकचे पेडल जवळजवळ तळाला लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपोआप पुन्हा वर आले, असे आपण लिहिले आहे. ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढते आणि ही तक्रार मात्र गाडी थंड असतानाही असते, असेही आपण नमूद केले आहे. गॅरेजमधून पुढच्या चाकांना आधुनिक गाडीचे डिस्क (पॅडच्या चिमटीत धरली जाणारी चकती) आणि सोबत बूस्टर (पेडलवरचा जोर वाढवणारे उपकरण) बसवण्याचा सल्ला मिळाला असून तो मानावा का, हा आपला प्रश्न आहे. माझे मत असे की आत्ता मानू नये. आपल्या वर्णनात दोन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळले आहेत आणि त्यांपैकी एकही दोष केवळ ड्रम ब्रेक असल्यामुळे निर्माण झालेला नाही. ते दोन्ही दोष तसेच ठेवून पुढे डिस्क बसवले, तर आजचा दोष उद्या नव्या रूपात समोर येईल आणि तो शोधणे अधिक अवघड जाईल.

प्रथम घाटातील प्रसंग पाहू. माणसे आणि सामान धरून आपली गाडी सुमारे १२०० किलोची झाली असेल आणि घाटमाथ्यापासून खाली ती साधारण ५०० मीटर उतरली असेल. या उतरण्यातून मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ५९ लाख जूल होते. एवढ्या उष्णतेत १८ लिटर पाणी, म्हणजे आंघोळीची भरलेली बादली, उकळीला येते. यातला काही वाटा वारा आणि इंजिन घेतात. गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सोडली असेल, तर इंजिनचा वाटा नगण्य राहतो आणि उरलेले सारे चार ड्रमांच्या, म्हणजे चाकांसोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्यांच्या, पोटात जाते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी याच घडणीच्या गाडीवर, याच प्रकारच्या ब्रेकवर दशकानुदशके धंदा केला आणि त्या प्रकारातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिथे ब्रेक दिवसातून हजार वेळा दाबला जात असला, तरी प्रत्येक वेळी वेग कमी असतो आणि मध्ये थंड व्हायला अवकाश मिळतो. घाटात तो अवकाश मिळत नाही, म्हणून शहरात कधीही तक्रार न करणारी गाडी घाटात उघडी पडते.

तापलेले ड्रम ब्रेक तीन निरनिराळ्या प्रकारे कमकुवत होतात आणि आपल्या गाडीत त्यांपैकी नेमके काय झाले, हे पायालाच कळते. पेडल नेहमीच्या उंचीवर घट्ट लागते पण गाडी थांबत नाही, तेव्हा लायनरची, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानदार शूवरील घर्षणपट्टीची, पकड तापल्यामुळे उतरलेली असते. पेडल हळूहळू खोल जात राहते पण शेवटी घट्टच लागते, तेव्हा ड्रम फुगलेला असतो. २५० मिलिमीटर व्यासाचा ओतीव लोखंडी ड्रम २०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे अर्ध्या मिलिमीटरने वाढतो, आणि तेवढे जास्तीचे अंतर शूला ओलांडावे लागते. डिस्कच्या बाबतीत तापलेली चकती जाडीत फुगून पॅडच्या जवळ येते, तर ड्रम शूपासून दूर पळतो. ड्रमची ही जन्मजात उणीव मान्य केलीच पाहिजे. तिसऱ्या प्रकारात पेडल स्पंजासारखे लागते आणि भराभर दोन-तीनदा मारल्याशिवाय धरतच नाही. त्या वेळी ब्रेक ऑइल उकळून व्हील सिलिंडरमध्ये (तेलाच्या दाबाने शू ढकलणाऱ्या, चाकातील सिलिंडरमध्ये) वाफ झालेली असते. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. रात्रभरात वाफेचे पुन्हा द्रव होते आणि सकाळी पेडल काही झालेच नाही असे वर येते. आपल्या वर्णनावरून मला दुसरा आणि तिसरा प्रकार एकत्र झाल्याचा दाट संशय आहे.

यातला तेलाचा दोष सर्वांत स्वस्तात दूर होतो आणि सर्वांत जास्त दुर्लक्षितही तोच राहतो. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे तेल कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आपल्याकडचे चार महिन्यांचे पावसाळे आणि महिनोन् महिने आच्छादनाखाली उभी राहणारी गाडी, हे दोन्ही ओलाव्याला पोषक आहे. बाटलीतले तेल स्वच्छ दिसते यावर विसंबू नये, कारण गाडी किती चालली यापेक्षा किती काळ लोटला हे इथे महत्त्वाचे असते. दर दोन वर्षांनी, आणि कोकणात राहणाऱ्यांनी दर वर्षी, संपूर्ण तेल बदलावे. सिलिकॉनवर आधारित डॉट ५ तेलाचा मोह काही हौशी मंडळींना होतो. ते ओलावा शोषत नाही हे खरे, परंतु ते जुन्या तेलात कधीही मिसळू नये.

तेलाच्या बाबतीत एक आठवण सांगणे भाग आहे. माझ्याकडे एकदा अशी गाडी आली, जिची चारही चाके प्रवास करताना हळूहळू जखडत जात आणि तासभर उभी केल्यावर मोकळी होत. दोन गॅरेजांनी शू बदलले होते, स्प्रिंग बदलल्या होत्या. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेलाला दाब देणारा मुख्य सिलिंडर) उघडल्यावर आतले रबरी कप फुगून दीडपट झालेले दिसले. कुणीतरी तेल कमी दिसले म्हणून वरच्या बाटलीत इंजिन ऑइल ओतले होते. खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते, फुगलेला कप तेल परत जाण्याचे बारीक छिद्र झाकतो आणि दाब आतच अडकून राहतो. अशा वेळी एकच इलाज असतो: सर्व सिलिंडरांचे किट, सर्व रबरी होज पाइप बदलणे आणि लोखंडी नळ्या आतून धुऊन काढणे. त्या मालकाला मी बिल दिले तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

आता गाडी डावीकडे ओढण्याचा दोष. गाडी नेहमी जास्त धरणाऱ्या चाकाकडे ओढते, म्हणून बहुतेक जण डावे चाक उघडतात, आणि तिथेच फसतात. डावे जास्त धरते आहे की उजवे धरतच नाही, हे आधी ठरवले पाहिजे. त्यासाठी सपाट, मोकळ्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर गाडी शक्य तितका कमी ब्रेक वापरून चालवावी, शेवटी ती आपोआप थांबू द्यावी आणि दोन्ही पुढच्या ड्रमांजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. ब्रेक न वापरताही डावा ड्रम तापला असेल, तर डावे चाक सतत घासते आहे. दोन्ही थंड असतील, तर त्याच रस्त्यावर परत येताना सात-आठ वेळा नीट ब्रेक लावावा. आता उजवा ड्रम डाव्यापेक्षा स्पष्टपणे थंड लागला, तर आळशी चाक उजवे आहे. टायरमधील हवेचा दाब आणि पुढच्या सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतील नळकांडी) मात्र ही चाचणी करण्याआधीच पाहून घ्यावेत, कारण ढिल्या बुशमुळे ओढणारी गाडी ब्रेकवाल्याला कितीही दिवस नाचवू शकते.

चाक सतत घासत असेल, तर कारण शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. चाक जखडलेले असताना गाडी जॅकने उचलून स्टँडवर घ्यावी (नुसत्या जॅकवर कधीही हात घालू नये) आणि त्या चाकाचे निपल (तेल आणि हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू) किंचित उघडावे. तेलाची पिचकारी उडून चाक मोकळे झाले, तर दाब अडकलेला होता. निपल उघडूनही चाक तसेच राहिले, तर दोष यांत्रिक आहे, म्हणजे गंजलेला पिस्टन, थकलेली स्प्रिंग किंवा बॅक प्लेटवर (शू आणि सिलिंडर ज्यावर बसतात त्या स्थिर पत्र्यावर) अडकणारा शू. दाब अडकलेला असल्यास निपल बंद करून पुन्हा ब्रेक मारावा आणि या वेळी रबरी होजच्या अलीकडचा, लोखंडी नळीचा जोड सैल करावा. तिथे दाब सुटूनही चाक जखडलेलेच राहिले, तर होज दोषी आहे. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून झडपेसारखा वागतो: पायाच्या जोराने तेल पुढे ढकलले जाते, पण शूच्या स्प्रिंगच्या माफक जोराने ते परत येऊ शकत नाही. होजचे वय माहीत नसेल, तर तपासण्यात वेळ न घालवता सगळे होज बदलावेत. जोड सोडल्यावर चाक मोकळे झाले, तर दोष मास्टर सिलिंडरकडे आहे. तिथे पेडलचा दांडा आणि पिस्टन यांमध्ये साधारण एक मिलिमीटरची मोकळीक आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. ही मोकळीक नसेल, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि परतीचे छिद्र उघडत नाही.

ड्रम काढल्यावर प्रथम वास आणि रंग पाहावा. लायनरवर ओल असेल, तर ती ब्रेक ऑइलची आहे की हबच्या ग्रीसची, हे ठरवावे. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओल दिसली, तर सिलिंडर गळतो आहे, अन्यथा ऑइल सील गेला आहे. थोडेसे तेल लागलेला लायनर कधीकधी जास्त पकडतो आणि तेलात भिजलेला लायनर घसरतो, त्यामुळे गळती एकाच बाजूला असूनही गाडी आज या बाजूला आणि महिन्याने त्या बाजूला ओढू शकते. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा भाजून पुन्हा वापरण्याची पद्धत सर्रास आहे; तो पहिल्याच तापण्यात पोटातले तेल पुन्हा वर आणतो. लायनर नेहमी एका अक्षावरील दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असल्याने आतील धूळ हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

त्याच वेळी पुढच्या बॅक प्लेटवर एक सिलिंडर आहे की दोन, हेही नोंदवून ठेवावे. ज्या शूचे ढकलले जाणारे टोक ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने पुढे जाते, तो शू ड्रमसोबत ओढला जाऊन स्वतःच अधिक घट्ट बसतो. त्याला लीडिंग शू म्हणतात. एका सिलिंडरच्या मांडणीत दोनपैकी एकच शू लीडिंग असतो, दोन सिलिंडरांच्या मांडणीत दोन्ही. बूस्टरशिवायही या गाड्या पायाच्या माफक जोरावर थांबत, ते या स्वतःहून घट्ट होण्याच्या गुणामुळे. मात्र हाच गुण बारीकसा दोषही मोठा करून दाखवतो: डाव्या-उजव्या लायनरच्या पकडीत थोडा फरक असला, तरी ब्रेकच्या जोरात तो कितीतरी अधिक उमटतो. दोन सिलिंडरांच्या मांडणीत त्यांपैकी एक गंजून अडकला, तर ते चाक निम्म्या बळावर काम करते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

लेथवरचे काम, म्हणजे ड्रम आतून कातून सारखा करणे (टर्निंग), हा माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे आणि नेमके तेच घाईत उरकले जाते. ड्रम लंबगोल झाला असेल, तर ब्रेक दाबताना पेडल पायाला धक्के देते. डायल गेजने पाहिल्यास एक दशांश मिलिमीटरपेक्षा अधिक फरक असू नये. टर्निंग करताना पृष्ठभाग गुळगुळीत होईल इतकेच लोखंड काढावे, दोन्ही बाजूंचे ड्रम एकाच व्यासाला आणावेत आणि ठरलेल्या कमाल व्यासाच्या पुढे गेलेला ड्रम टाकून द्यावा, कारण पातळ ड्रम लवकर तापतो आणि दाबाखाली वाकतो. टर्निंगनंतर ड्रमची त्रिज्या वाढते, पण नव्या लायनरची गोलाई मूळ मापाचीच असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. म्हणून शूला लायनर बसवल्यावर ते त्या-त्या ड्रमच्या मापाला घासून घ्यावे लागतात. ड्रमच्या आत खडू फासून शू हाताने फिरवावा: खडू लायनरच्या मध्यभागी लागला, तर काम चांगले आहे, वापराने उरलेला भागही बसत जाईल; खडू फक्त दोन टोकांना लागला, तर ब्रेक एकदम पकडेल, किंचाळेल आणि गाडी ओढेल. मी स्वतः उमेदवारीच्या काळात ही पायरी वगळून नवे लायनर बसवले होते आणि मालकाने गाडी तिसऱ्या दिवशी परत आणली होती. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजूनही शोधून मिळतात. ज्या कुर्ल्यात ही गाडी तयार होत असे, तिथेच आज तिचे भाग शोधावे लागतात. नवा व्हील सिलिंडर मिळाला नाही, तर जुन्याला आतून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घेणे हा उत्तम पर्याय आहे. आतला खड्डा पॉलिश पेपरने घासून नवा कप घालणे हा पर्याय नव्हे.

जोडणी झाल्यावर आधी शूचे सेटिंग आणि मग एअर (तेलात अडकलेली हवा) काढणे, हा क्रम ठेवावा. चाक पुढच्या दिशेने फिरवत ॲडजस्टर (शू आणि ड्रममधील अंतर ठरवणारा स्क्रू) चाक जखडेपर्यंत आवळावा, पेडल एकदा जोरात दाबून शू मध्यावर बसू द्यावेत आणि नंतर चाक हलकेसे घासत मोकळे फिरेल इतकाच ॲडजस्टर सोडावा. पहिल्या दाबाला पेडल खोल आणि लगेच मारलेल्या दुसऱ्या दाबाला उंच येत असेल, तर बहुधा तेलाचा दोष नसून हे सेटिंग ढिले असते. एअर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून काढावी, म्हणजे आपल्या उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. पेडल सावकाश दाबावे. भराभर मारल्याने हवेचे बुडबुडे बारीक होऊन तेलातच राहतात. शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल मिनिटभर एकसारखे दाबून धरावे. ते हळूहळू खाली सरकत राहिले आणि बाहेर कुठेच गळती दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरचा कप आतल्या आत तेल सोडतो आहे.

आता सुधारणांविषयी. मी पहिला खर्च दुहेरी मास्टर सिलिंडरवर करीन. एकेरी मांडणीत एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकाच क्षणी जातात. दुहेरी मांडणीत पुढची किंवा मागची जोडी शाबूत राहते. मात्र सिलिंडर निवडताना व्यास जपावा. १९ मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरचा सिलिंडर लावला, तर पेडलची चाल कमी होऊन ते छान कडक लागते आणि मालक खूश होतो, परंतु तेवढ्याच ब्रेकसाठी पायाला सुमारे एक तृतीयांश जोर अधिक लावावा लागतो. दुसरा खर्च उष्णता अधिक सोसणाऱ्या चांगल्या लायनरवर करावा.

बूस्टरविषयी गैरसमज फार आहे. बूस्टर पायाचे श्रम कमी करतो. ड्रमची उष्णता सामावण्याची क्षमता तो कणभरही वाढवत नाही. घाटात उकळलेले तेल बूस्टरमुळे उकळायचे थांबणार नाही, उलट पायाला संकट उशिरा जाणवेल.

पुढे डिस्क बसवल्याने घाटातील तक्रार कमी होते, हे मी नाकारत नाही. परंतु डिस्कमध्ये स्वतःहून घट्ट होण्याचा गुण नसल्याने तिला तेलाचा दाब कितीतरी अधिक लागतो, त्यासाठी बूस्टर घ्यावा लागतो, आणि तो वाढलेला दाब मागच्या ड्रमांनाही मिळतो, जिथे हा गुण शाबूत असतो. परिणामी ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जखडतात आणि गाडी गरकन फिरते. म्हणून मागच्या नळीवर दाब मर्यादित करणारा व्हॉल्व्ह अनिवार्य होतो. शिवाय ड्रमसाठी बनवलेल्या अनेक मास्टर सिलिंडरांत नळीमध्ये थोडा दाब कायम ठेवणारी झडप असते. ती न काढता डिस्क जोडली, तर पॅड सतत घासत राहतात. आणि १४ इंची मूळ रिममध्ये कॅलिपर (चकतीवर पॅड दाबणारा भाग) कसाबसा मावावा म्हणून स्टब ॲक्सलवर (पुढचे चाक ज्यावर फिरते त्या आखूड आसावर) वेल्डिंग केलेले ब्रॅकेट मी पाहिले आहेत. तसे काम मी कुणाच्याही गाडीवर करणार नाही. एका पूर्ण गाडीचा संच, तिच्या मास्टर सिलिंडर आणि व्हॉल्व्हसह, बोल्टने बसत असेल आणि आपण वर्षातून अनेकदा घाट उतरणार असाल, तरच या पर्यायाचा विचार करावा.

दुरुस्तीनंतर रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ किलोमीटरपर्यंत वेग उतरवणारे मध्यम जोराचे वीस-पंचवीस ब्रेक, मध्ये थंड व्हायला वेळ देत, लावावेत, म्हणजे लायनर बसतील. घाटात ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि पेडलवर पाय हलका ठेवून राहण्याऐवजी ठाम दाबून वेग उतरवावा व पूर्ण सोडावे. पावसात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर पहिले दोन-तीन ब्रेक धरत नाहीत किंवा एकाच बाजूला धरतात. चालत्या गाडीत पेडल थोडे दाबून ड्रम वाळवून घ्यावेत.

ड्रम उघडल्यावर चारही ड्रमांचे व्यास, पुढच्या बॅक प्लेटवरील सिलिंडरांची संख्या आणि मास्टर सिलिंडरचा आतला व्यास मोजून कळवावा. दुहेरी मास्टर सिलिंडर कोणत्या मापाचा घ्यावा, हे त्यावरून सांगता येईल.